माश्यांचं जेवण

कुणी विचारलं काय काम करतेस
तर सांगते, माश्यांचं जेवण बनवते.
कोळीवाड्यात कुणाला नवल वाटत नाही.
शेजारची हिराई म्हणाली, मग आम्ही काय वेगळं करतो?
फरक एका य-चा आहे,
तोही बोलताना गिळला जातो.

कुलाब्याच्या टोकाला, जमीन संपते तिथे,
प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर माझा टोप.
मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगरची भुकटी.
गुठळी होऊ नये म्हणून एकाच दिशेने घोटायचं,
पिठलं घोटतात तसं.
शेवटी बुरशीवरचं आम्ल,
त्याचा आंबट वास केसांत बसतो,
बोंबलालाही हरवतो.
मग काचेच्या कुप्या, प्रत्येकीत दोन बोटं खाद्य,
वर कापसाचं बूच.
आत तिळाएवढ्या, तांबड्या डोळ्यांच्या,
पिकल्या केळ्यांवर घोंघावतात त्याच.

शलाका जळगावची, पीएचडी करते.
तिच्या माश्यांत एक प्रथिन नाही.
मुद्दाम काढून टाकलंय.
काय करायचं ते प्रथिन?
म्हणाली, थांब म्हणायचं.
पेशीत सारखं काही ना काही बनत असतं,
हे मध्ये हात घालायचं: आता नको, एवढं पुरे.
ते नसलं की माशी खाते जास्त
आणि साठवते कमी.
अंगातली साखर, चरबी भराभर जळून जाते,
उपाशी ठेवली तर बाकीच्यांच्या आधी मरते.

आणि माणसात?
ती सांगायला लागली.
उशिरा बोलणं. नजर चुकवणं. हात फडफडवणं.
एकच वाक्य धरून बसणं.
मी गॅस बंद केला.
माझा भाऊ कल्पेश. वय एकतीस.
आत्या आईला म्हणायची, ग्रहणात सुरी धरलीस.
आलं होतं आईकडूनच, पण सुरीतून नाही.
तीन अक्षरं, एकापुढे एक, तीच ती,
पिढीगणिक वाढत जातात,
दोनशेच्या वर गेली
की पेशी त्या जनुकाचं दार लावून घेते.

म्हटलं, मग कल्पेशची भूकही...
म्हणाली, माश्यांचं माश्यांपुरतं, ताई.
माणसाचं एवढ्यात सांगता येत नाही.

अधूनमधून उपासाची खेप असते.
तेव्हा मी नुसतं पाणी आणि अगर शिजवते.
दिसायला जेवण, आत काही नाही.
शलाका दर चार तासांनी मेलेल्या मोजते,
रात्री दोनलासुद्धा, ओढणी डोक्याला गुंडाळून.

मागच्या श्रावणात मी त्या टोपात साखर टाकली.
एक वाटी. ठरवून नाही.
हात गेला.

तिसऱ्या दिवशी ती खाली आली,
वही छातीशी धरून.
ताई, ह्या मरतच नाहीत.
खूश व्हावं की घाबरावं तिला कळत नव्हतं.
मी सांगितलं.
ती पिठाच्या पोत्यावर बसली. ओरडली नाही.
एवढंच म्हणाली, सहा आठवडे गेले.
मग एकेक कुपी तिने
स्पिरिटच्या बाटलीत झटकली,
त्या बाटलीला इथे मॉर्ग म्हणतात,
आणि मी बुचं धरून उभी होते,
ओंजळभर कापूस.
पुन्हा हात गेला नाही असं नाही.
डबा आता वरच्या फळीवर ठेवते,
स्टूल घेतल्याशिवाय पोचत नाही.

माझं स्वतःचं पाकीट आलंय परळहून.
तांदळाच्या डब्यामागे आहे. उघडलेलं नाही.

घरी पोचले की कल्पेश दारातच.
माश्या जेवल्या? माश्या जेवल्या?
जेवल्या.
माश्या जेवल्या?
जेवल्या रे.
ताटात तिसरा बोंबील वाढते.
तो बोंबलाकडेच बघत,
माश्या जेवल्या?
हो. आता तू जेव.